ऑनलाइन स्थळ आलं? आधी चौकशी, मग जवळीक

पूर्वी स्थळ आलं की घरातलं कुणीतरी चौकशीला लागायचं. मुलगा कोणत्या कंपनीत आहे, तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे, मामा कुठले, जुने शेजारी काय सांगतात. या चौकशीचा जाच व्हायचा आणि जातपातही तिच्या आडूनच पाहिली जायची, हे खरं. पण एक काम ती चोख करायची. समोरचा माणूस सांगतो तोच आहे का, हे तिऱ्हाइताकडून कळायचं. ऑनलाइन प्रेमाच्या फसवणुकीत सगळ्यात आधी हा तिऱ्हाईत बाजूला काढला जातो. मग उरतो तुमचा फोन आणि त्यातला एक गोड आवाज.

म्हणून ‘तो खरंच प्रेम करतो का’ या प्रश्नाच्या मागे लागू नका. चॅट कितीही वेळा वाचलं तरी त्याचं उत्तर मिळत नाही. दोन प्रश्नांची उत्तरं मात्र नक्की मिळतात. चौकशी करायला गेलं की समोरचा अडवतो का? आणि पैशांचा विषय निघाला की ते कोणाच्या खात्यात टाकायला सांगतो?

पलीकडे कोण असतं

बहुतेक वेळा एकटा माणूस नसतो. एक जण चॅट करतो, फोनवर बोलायला दुसरा असतो, ‘कस्टम्स अधिकारी’ तिसरा. काय बोलायचं ते लिहून दिलेलं असतं, आणि तुम्ही सांगितलेल्या गोष्टींच्या नोंदी ठेवलेल्या असतात. आईच्या ऑपरेशनची तारीख त्याच्या बरोबर लक्षात राहते आणि आपल्याला भरून येतं. ती तारीख कुठेतरी लिहून ठेवलेली असते.

हा धंदा किती मोठा आहे ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये सुमारे १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेले असू शकतात. त्यात आपली मुलंही सापडली आहेत. बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि कुंपणाच्या आत दिवसभर चॅट करायला बसवायचं. अशा अड्ड्यांतून सुटलेल्या भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानाने थायलंडमधून परत आणावं लागलं. टोळ्या आपल्या देशातही आहेत, पण पद्धत तीच.

हे सांगण्याचं कारण असं, की अशा माणसाला समजावून, रागावून किंवा रडून पैसे परत येत नाहीत. आणि फसलेला माणूस मूर्ख नसतो. एकट्या माणसासमोर सराव केलेली अख्खी यंत्रणा बसलेली असते.

पहिला आठवडा

बायकांना येणारी प्रोफाइल ठरलेली असतात. चाळिशी-पन्नाशीतला विधुर, एक लहान मुलगी, मूळचा भारतीय, लंडनमध्ये डॉक्टर. नाहीतर जहाजावर इंजिनिअर, समुद्रातल्या तेलविहिरीवर कंत्राटदार, परदेशी तळावरचा लष्करी अधिकारी. हे व्यवसाय विचारपूर्वक निवडलेले असतात. माणूस भेटायला का येत नाही, नेटवर्क का नसतं, व्हिडिओ कॉलला बंदी का, याची उत्तरं त्या नोकरीतच दडलेली असतात. पुरुषांना येणारी मुलगी सिंगापूर किंवा हाँगकाँगची व्यावसायिक असते, किंवा नुकतीच पुण्यात बदली होऊन आलेली, ‘इथे कुणी ओळखीचं नाही’ म्हणणारी. +४४ ने सुरू होणारा नंबर म्हणजे माणूस लंडनमध्ये आहे असं नाही. असे नंबर अ‍ॅपवरून भाड्याने मिळतात.

दोन-तीन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर यायचा आग्रह होतो. ही घाई का, ते समजून घ्या. प्रोफाइलबद्दल तक्रार झाली की विवाह संकेतस्थळ ते बंद करतं, शिवाय त्यांच्याकडे नोंदी राहतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांसाठी काढलेल्या सूचनांमध्ये सदस्यांची ओळख तपासणं आणि अशा नोंदी ठेवणं सांगितलं आहे. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर गेलात की ही राखण सुटते. ‘व्हेरिफाइड’ या हिरव्या खुणेवरही विसंबू नका. अनेक ठिकाणी तिचा अर्थ मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला, एवढाच असतो.

आजच्या काळातली चौकशी

फोटोपासून सुरुवात करा. प्रोफाइलमधला प्रत्येक फोटो फोनमध्ये साठवा किंवा त्याचा स्क्रीनशॉट घ्या, गुगल अ‍ॅपमधल्या लेन्सच्या खुणेवर बोट ठेवून तो फोटो निवडा. एकदा पूर्ण फोटो टाका, एकदा फक्त चेहऱ्यापुरता कापून, एकदा मागची पाटी किंवा इमारत कापून. तोच फोटो दुसऱ्या नावाने दिसला की काम झालं. मात्र काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं धरू नका. संगणकाने बनवलेला चेहरा कुठेच सापडत नाही आणि खाजगी इन्स्टाग्राम खात्यावरून उचललेलाही सापडत नाही. खऱ्या माणसाच्या फोटोंमध्ये इतर माणसं असतात, लग्नातली गर्दी असते, दहा वर्षांपूर्वीचा बारीक चेहरा असतो. पाचही फोटो एकाच उजेडातले आणि एकट्याचे असतील तर थांबा.

मग व्यवसाय. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नोंदवही जनरल मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडेही नोंदणीकृत डॉक्टरांची यादी ऑनलाइन आहे. पण खऱ्या डॉक्टरचं नाव उचललेलं असू शकतं, म्हणून इथेच थांबू नका. त्या हॉस्पिटलचा मुख्य नंबर हॉस्पिटलच्या संकेतस्थळावरून काढा आणि तिथून जोडून मागा. त्याने दिलेल्या नंबरवर फोन करणं म्हणजे त्यालाच त्याच्याबद्दल विचारणं.

आणि सगळ्यात उपयोगी पडतो तो जुना प्रश्न: शाळा कोणती, दहावी कोणत्या वर्षी? महाराष्ट्रात शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नसलेलं गाव आता विरळा. तिथल्या एका माणसाशी बोलणं झालं की दहा स्क्रीनशॉटपेक्षा जास्त कळतं. असं विचारल्यावर खरा माणूस थोडा अवघडेल, पण सांगेल. फसवणारा दुखावतो. “तुझा माझ्यावर विश्वास नाही? मग आपल्या नात्याला अर्थ काय?” हे वाक्य आलं की तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

व्हिडिओ कॉल झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी २७ जणांना पकडलं. व्हिडिओ कॉलवर संगणकाने चेहरा आणि आवाज बदलून ही टोळी प्रेमाच्या नावाखाली लोकांना लुबाडत होती, आणि रक्कम सुमारे ४ कोटी ६० लाख अमेरिकी डॉलर होती. बोलता बोलता चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा, मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा; चेहऱ्याच्या कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर फसवणुकीची दाट शंका घ्या. नीट दिसल्या तरी खात्री होत नाही, कारण ही साधनं महिन्यागणिक सुधारत आहेत. खात्री प्रत्यक्ष भेटीनेच होते, तीही गजबजलेल्या जागी आणि घरात सांगून. दोनदा ठरलेली भेट ऐनवेळच्या अपघाताने किंवा आजारपणाने रद्द झाली, तर तिसऱ्या तारखेची वाट पाहू नका.

पार्सल येतं तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भेटवस्तू निघते. सोन्याचे दागिने, फोन, पर्स आणि ‘तुझ्यासाठी थोडे पाऊंड’. फोटो येतात, ट्रॅकिंग नंबरही येतो. मग अनोळखी नंबरवरून असा मेसेज:

“मॅडम, आपल्या नावाचं पार्सल दिल्ली विमानतळावर आलं आहे. क्लिअरन्स चार्ज ३८,५०० रुपये. आज चारपर्यंत भरा, अन्यथा दंड लागेल.”

सोबत अशोकस्तंभ छापलेली पीडीएफ आणि बँक खातं. आता ते खातं नीट पाहा. यूपीआयवर नंबर टाकला की पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. तिथे कोणत्या सरकारी कार्यालयाचं नाव नसतं; परराज्यातल्या कुणा व्यक्तीचं बचत खातं असतं. हा एकच स्क्रीन सगळं सांगून जातो, आणि घाईत नेमका तोच वाचला जात नाही.

सीमाशुल्क कधीच कुणाच्या वैयक्तिक खात्यात भरायचं नसतं. टपालाने परदेशातून आलेल्या पार्सलवर शुल्क असेल तर पोस्टमन पार्सल देताना पावती देऊन ते घेतो. कुरिअरने आलं असेल तर कुरिअर कंपनी बिल करते. सीमाशुल्क खात्याच्या पत्रांवर नोव्हेंबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो, त्याला डिन म्हणतात, आणि तो खरा आहे का हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. ट्रॅकिंग नंबर त्यांनी पाठवलेल्या लिंकवर टाकू नका. कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाका. आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या रोख नोटा पार्सलमध्ये घेतच नाहीत.

३८,५०० भरले की दुसरा फोन येतो: स्कॅनमध्ये परदेशी नोटा सापडल्या, ‘मनी लाँडरिंग सर्टिफिकेट’साठी १,४०,००० लागतील, नाहीतर गुन्हा तुमच्यावर. असं कोणतंही सर्टिफिकेट नसतं. आधीचे ३८,५०० वाया जाऊ नयेत म्हणून माणूस १,४०,००० भरतो, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून तीन लाख. दागिने मोडले जातात, मुदत ठेवी मुदतीआधी तोडल्या जातात. पहिली रक्कम मुद्दाम परवडणारी ठेवलेली असते. ती गेली असेल तर गेली म्हणा आणि तिथेच हात आखडता घ्या.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे तो स्वतः ‘मुंबई विमानतळावर उतरतो’ आणि जास्त परदेशी चलन आणलं म्हणून ‘अडकतो’. भारतात परदेशी चलन आणायला वरची मर्यादाच नाही. नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त, तर फॉर्म भरून जाहीर करावं लागतं. त्यासाठी फोनवरून कुणा मैत्रिणीकडून पैसे मागवले जात नाहीत.

पैसे न मागणारा माणूस

हा प्रकार जास्त घातक आहे, कारण यात महिना-दोन महिने कुणी काहीच मागत नाही. बोलता बोलता तो आपल्या ट्रेडिंगचा नफा दाखवतो. मग एक अ‍ॅप देतो, प्ले स्टोअरवरून नाही, लिंकने. तुम्ही १०,००० टाकता, स्क्रीनवर १३,००० दिसतात. २,००० काढून पाहता, ते खात्यात येतातही. विश्वास बसतो तो इथे. ते २,००० म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ आहे. अ‍ॅपवरचा आकडा त्यांनीच टाइप केलेला असतो, त्यामागे शेअर नसतो की काही नसतं. लाखांत रक्कम गेली की पैसे काढणं बंद, आणि ‘आधी २० टक्के टॅक्स भरा’. आपल्या देशात कर प्राप्तिकर खात्याला पॅनवर भरायचा असतो. पैसे काढू देण्यासाठी अ‍ॅपवाल्याच्या खात्यात आधी कर भरायचा, असा नियम कुठेच नाही.

ब्रोकर खरा आहे का, हे सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय आयडी आणले आहेत. पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. याउलट प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाच्या किंवा कुठल्याशा ट्रेडर्सच्या खात्यात पैसे मागितले जात असतील, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. क्रिप्टो विकत घेऊन त्यांच्या वॉलेटवर पाठवायला सांगितलं तर विशेष सावध व्हा. तो व्यवहार उलटवता येत नाही आणि बँक तो अडवूही शकत नाही.

तुमचं खातं वापरायला मागितलं तर

“माझ्या क्लायंटचे दोन लाख तुझ्या खात्यावर घे आणि मी सांगतो तिथे पाठव, माझं खातं तात्पुरतं बंद आहे.” प्रेमापोटी हे केलं जातं, आणि मग पोलीस तुमच्या दारात येतात. ते दोन लाख दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले असतात. खातं गोठवलं जातं, पगार आणि पेन्शनही त्यात अडकते, आणि आपण आरोपी नसून फसवले गेलो आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं. एटीएम कार्ड, चेकबुक, सिम, नेटबँकिंगचा पासवर्ड, काहीही द्यायचं नाही, नातं कितीही गाढ वाटलं तरी.

पुरुषांना, त्यातही तरुण मुलांना, आणखी एक फास टाकला जातो. अनोळखी मुलीचा रात्रीचा व्हिडिओ कॉल येतो, कपडे उतरवायला लावलं जातं, कॉल रेकॉर्ड होतो. मग नातेवाइकांची यादी दाखवून पैसे मागितले जातात. नंतर ‘सीबीआय अधिकारी’ फोन करतो आणि व्हिडिओ काढून टाकायचे पैसे मागतो. तोही त्याच टोळीचा. इथे एक रुपयाही देऊ नका, कारण दिला की मागणी वाढते. फेसबुकवरची मित्रयादी लपवा, चॅट ठेवा, आणि घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला त्याच रात्री सांगा. भीती एकट्याने सोसली जाते म्हणून हा धंदा चालतो, आणि मुलांनी यात जीव दिलेला आहे. स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर आपला व्हिडिओ न पाठवता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो आपल्या ठिकाणी पसरू देत नाहीत. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर तशीच सोय ‘टेक इट डाउन’वर आहे.

डेटिंग अ‍ॅपवरची मुलगी तिच्याच पसंतीच्या बारमध्ये बोलावते, महागडं मागवते, निघून जाते आणि हजारोंचं बिल तुमच्यासमोर येतं, हा प्रकार मुंबईत आणि दिल्लीत झाला आहे. जागा तुम्ही ठरवा. अडवून ठेवलं तर ११२ ला फोन लावा.

पैसे गेले असतील तर

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. उद्या सकाळी नाही. तुमचे पैसे पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत. ते तुकडे होऊन दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० वर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकेकडे जाते आणि खात्यात जेवढं शिल्लक असेल तेवढं अडवून ठेवता येतं. फोनवर व्यवहार क्रमांक विचारतील. यूपीआयचा तो १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा. तारीख, रक्कम आणि समोरचा खाते क्रमांक जवळ ठेवा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने तुमच्या बँकेला कळवावं. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तपशील भरा आणि पोचक्रमांक जपून ठेवा.

बँक भरपाई देईल, या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात ग्राहकाला संरक्षण आहे ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी; इथे पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो. म्हणून खरी आशा पैसे वेळेत अडवण्यातच आहे. अडवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. पोलिसांचा अहवाल आणि अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, काही राज्यांत लोकअदालतीतूनही अशी प्रकरणं निकाली निघतात.

रागाने चॅट पुसू नका आणि लगेच ब्लॉक करू नका. आधी प्रोफाइलचा, नंबरचा आणि खाते क्रमांकांचा स्क्रीनशॉट घ्या, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘एक्सपोर्ट चॅट’ने पूर्ण संभाषण स्वतःच्या ईमेलवर पाठवा. त्याने आपोआप पुसले जाणारे मेसेज सुरू केले असतील तर ते आधी बंद करा. फोन बदलू नका, तो पुरावा आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता गुन्ह्याची नोंद, मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ व ३१९ खाली बसतो.

काही आठवड्यांनी कुणी ‘वकील’, ‘हॅकर’ किंवा ‘सायबर सेलचा माणूस’ फोन करून पैसे परत मिळवून देतो म्हणेल, थोडी फी आधी मागेल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, म्हणून तो तुमच्यापर्यंत पोचतो. पोलीस तक्रारीसाठी फी घेत नाहीत.

घरातलं माणूस अडकलं असेल तर

आई, मावशी किंवा विधुर काका फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊ लागले, मुदत ठेव मोडण्याचं बोलू लागले, तर ‘या वयात हे काय’ असं म्हणू नका. पलीकडच्या माणसाने आधीच बजावून ठेवलेलं असतं, की घरचे जळतील, सांगू नकोस. तुमचं पहिलं वाक्य तसंच निघालं तर तो खरा ठरतो आणि तुम्ही शत्रू. त्याऐवजी शेजारी बसा. “आई, ते कुठले? शाळा कुठली त्यांची? आपण दोघं मिळून त्यांच्या हॉस्पिटलला फोन लावू या का?” एवढंच विचारा. स्पीकर चालू करून हॉस्पिटलच्या बोर्डावरून ‘या नावाचे कुणी इथे नाहीत’ हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं की ते तुम्ही शंभरदा सांगण्यापेक्षा लवकर पटतं.

पटल्यावर ती रडेल, कदाचित पैशांपेक्षा त्या माणसासाठी जास्त. रोज सकाळी ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ विचारणारा एक आवाज तिच्या दिवसातून गेलेला असतो. ते दुःख खरं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि तो माणूस नवीन नंबरवरून ‘मला माफ कर’ म्हणत पुन्हा येईल, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो मेसेज आला की ती फोन घेऊन तुमच्याकडे येईल.